बाजूनं पाहणारे शेठजी

मंगरूळपीरला मला खोली मिळाली ती माझ्या नाकामुळे. थट्टा नाही करत, खरंच सांगते. बहात्तरच्या दुष्काळानंतर पंचायत समितीत ग्रामसेविका म्हणून माझी नेमणूक झाली, आणि एका हातात वळकटी अन् दुसऱ्या हातात स्टोव्ह अशी मी यवतमाळहून येऊन स्टँडवर उतरले. एकट्या पोरीला खोली द्यायला गावात कोणी तयार होईना. एकानं जात विचारली, दुसऱ्यानं लग्न कधी करणार ते विचारलं, आणि एक बाई तर तोंडावर म्हणाली, "नोकरीवाली म्हंजे कवा येशीन, कवा जाशीन, आमी काय तुह्ये राखनदार हाओ?" दुपार टळली, स्टोव्हमधलं रॉकेल पातळावर सांडलं आणि माझं डोकं फिरलं. शेवटी एका पानवाल्यानं समोरच्या कापडाच्या दुकानाकडे बोट केलं.

दुकानात गादीवर एक बुटके, गोरे गृहस्थ बसले होते. पन्नाशी उलटलेली, पांढरी टोपी, धोतर, कानात अत्तराचा बोळा. मी समोर जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "असं नाई. तिकडं तोंड करा."

मला वाटलं, मागे कोणी आलंय. मी वळून रस्त्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"हं, तसंच राहा. हालू नोका." मग आत तोंड करून ओरडले, "अवं, आयकलं का? टकल्या बादशहाचं नाक आलं पाह्य दारात! वरची खोली देऊन टाकू का?"

आतून बायकोचा आवाज आला, "नाकाले देता का मानसाले?"

"नाकाले देतो. त्याच्यासंगं मानूस बी राहीन."

मी तेव्हा बावीस वर्षांची. माझ्या नाकाला आजवर कोणी चांगलंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही; पण टक्कल पडलेल्या बादशहाचं म्हणणारा हा पहिलाच. वळकटी उचलून निघून जावं असं फार वाटलं. पण पाय दुखत होते, आणि खोलीला स्वतंत्र जिना होता. राहिले. चार वर्षं राहिले.

हा टकल्या कोण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी शेठजींनी मला दुकानात बोलावलं आणि कपाटातून एक सागाची चपटी पेटी काढली. आत हिरवी मखमल, दुकानातलीच, आणि मखमलीत गोल गोल खोबणी. प्रत्येक खोबणीत चांदीचा एकेक रुपया. विलायतेच्या राजाराण्यांचे, आपल्याकडे चालायचे ते कलदार. शेठजींना दुसरं कुठलंही नाणं चालत नसे. मोगलांची, निजामाची नाणी कोणी आणली की म्हणत, "याच्यावर नुसतं लिवलेलं हाये. वाचाले माह्याकडे पेपर येते. मले तोंड पाह्यजे."

पहिल्या खोबणीत राणी होती, केस मागे बांधलेली, डोक्यावर काही नाही. "हे पोरवयातली," शेठजी म्हणाले. पुढच्या खोबणीत तीच बाई, पण मुकुट घातलेली, अंगावर भरजरी वस्त्र. "हे संसारात पडली." मग तिचा मुलगा, तोच टकल्या. त्याला मुकुटही नाही आणि केसही नाहीत. "मायनं म्हातारपणापर्यंत गादी सोडली नाई. याचे केस जातीन नाई तं काय?" मग त्याचा मुलगा, दाढीवाला. मग शेवटचा, बिनदाढीचा, ज्याच्या काळात चांदीसुद्धा अर्धी झाली. मी टकल्याचं नाक नीट पाहिलं. खरं सांगायचं तर, होतं थोडं माझ्यासारखं.

सोनार दर दिवाळीत येऊन सांगे, "शेठजी, चांदी चढली, गाळून टाका." एरवी त्या दुकानात वीजबिल आणणाऱ्यालाही चहा मिळे, पण सोनाराला कधी मिळाला नाही. आणि काकूंना, म्हणजे शेठाणींना, लक्ष्मीपूजनाला हे रुपये चिंच आणि राखेनं घासून लख्ख करायचे असत. दरवर्षी त्यावरून भांडण ठरलेलं. "राखेनं गाल जाईन तिचा!" शेठजी पेटी उराशी धरून म्हणत. त्यांचा सिद्धांत होता की रुपया हातोहात फिरला की आधी गाल झिजतो, मग कानावरचे केस जातात, पण नाक शेवटपर्यंत राहतं. "अन् नाक राह्यलं का मानूस ओयखू येते." काकू म्हणत, "देवीपुढं मयकट रुपया ठेवू का मंग?" शेवटी त्या पूजेला पोस्टातून आणलेली नवी कोरी नाणी ठेवत, आणि पेटी उघडून नुसती बाजूला. देवी काही रागावली नाही. दुकान चांगलं चालत होतं.

त्या राजांच्या घरात म्हणे एक रीत होती. गादीवर नवा आला की नाण्यावर त्याचं तोंड आधीच्याच्या उलट्या दिशेला. राणी डावीकडे पाहते, टकल्या उजवीकडे, दाढीवाला पुन्हा डावीकडे. हे सांगताना शेठजी स्वतः मान इकडून तिकडे फिरवत. आणि मग एकदम थांबून, बोट रोखून विचारत, "आता या बिनदाढीवाल्यानं कुकडं पाह्याले पाह्यजे?"

"उजवीकडे."

"हाव! अन् हा कुकडं पाहून राह्यला? डावीकडे! काहून?"

मला काय माहीत काहून! तर मधे एक राजा होऊन गेला होता. उजवीकडे पाहण्याची पाळी त्याची. पण त्यानं एका बाईसाठी वर्षाच्या आत गादी सोडली, आणि त्याच्या तोंडाचा एकही रुपया आपल्याकडे निघाला नाही. शेठजींनी त्याच्यासाठीही एक खोबण कोरून घेतली होती, रिकामी. नवीन माणसाला ती आवर्जून दाखवत आणि हळहळत. एवढं हळहळताना मी त्यांना नात्यातल्या मयतीतही पाहिलं नाही. काकू आतून म्हणत, "त्याईच्यात तोच एक कामाचा निंगाला. बाकीच्याईपाशी रुपये राह्यले, त्याच्यापाशी बायको राह्यली."

पेटीतलं वेड पेटीत राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण शेठजी जिवंत माणसंही बाजूनंच पाहायचे. त्यांचं म्हणणं असं, "समोरून मानूस तुमाले पाहून राह्यला असते. मंग तो तुमच्याजोगं तोंड करते. बाजूनं त्याले माईतच नसते का कोनी पाहून राह्यलं. तवा त्याचं खरं तोंड दिसते." ह्यासाठी त्यांनी दुकानातलं बाकडं आडवं टाकलं होतं. गिऱ्हाईक बसलं की त्याचा एक कान शेठजींकडे आणि एक कान भिंतीकडे. कापड पाहायचं तर मान वाकडी करायची. एका पाटलांची मान अशी धरली की त्यांना आठ दिवस चोळून घ्यावी लागली, पण लुगडी घ्यायला ते परत तिथंच आले, कारण कापड चांगलं होतं आणि मापात लबाडी नव्हती.

कोणी समोरून चालत आलं की मात्र शेठजींना ओळखच पटत नसे. एकदा त्यांचा साळा, काकूंचा सख्खा भाऊ, शेलूबाजारहून जीपनं आला आणि सरळ पुढ्यात उभा राहिला. शेठजी म्हणाले, "या, बसा. काय दाखवू? धोतर का पँटपीस?" साळा रागानं आत निघून गेला. आत जाताना त्याची बाजू दिसली, तशी शेठजी ओरडले, "अरे, तू हायेस व्हय! आधी असा काहून नाई आला?" त्या दिवशी साळ्याला जेवायला बसवता बसवता काकूंच्या नाकी नऊ आले. ह्या जैन घरात जेवणं दिवस मावळायच्या आत व्हायची, आणि हा गडी रुसून अंगणात सूर्याकडे पाठ करून बसलेला.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बंजारा बाया कापड घ्यायला यायच्या. त्यांच्या गळ्यात रुपयांचे हार असत, राणीछाप, ओळीनं कड्या लावलेले. झालं! शेठजी मांजरपाटाचा तागा हातात तसाच धरून वाकत, अजून वाकत, आणि बाईच्या गळ्याशी नाक नेत. पहिल्या खेपेला एकीनं घागऱ्याचं कापड फेकून मारलं म्हणे. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी काकू दुकानात पाट टाकून बसू लागल्या. "म्या बसली नाई तं एक दिवस हे मार खातीन, अन् थो मार बी बाजूनं खातीन," त्या मला म्हणाल्या. हळूहळू बायांनाच त्याची सवय झाली. आल्या की हार पुढे करत, "पाह्य शेठ, तुही रानी. बरी हाये का पाह्य." शेठजी पाहत आणि सांगत, हिचा गाल गेला, हिचे केस गेले, ही अजून तरणी हाये. कडी डाग देऊन लावलेला रुपया ते पेटीत घेत नसत, म्हणून कोणाकडे कधी मागितलाही नाही. नुसती विचारपूस.

एकदा अनसिंगचे एक म्हातारे फौजी त्यांच्याकडे आले. इंग्रजांच्या लढाईच्या वेळी परदेशात जाऊन आलेले. त्यांनी खिशातून एक तांब्याचं विलायती नाणं काढलं. शेठजींनी ते उजेडात धरलं आणि विचारलं, "हे आजी कोन हाये?"

"थेच तुमची रानी," फौजी म्हणाले.

नाण्यावरची बाई म्हातारी होती. गाल ओघळलेले, हनुवटीखाली वळी, आणि डोक्यावरून घेतलेला पदर. हो, चक्क पदरासारखंच. शेठजींनी नाणं हातातून खाली ठेवलं नाही. फौजी चहा पिऊन, नाणं त्यांनाच देऊन गेले. काकूंनी ताट वाढलं, शेठजी उठले नाहीत. दिवस कलला, काकूंनी भांडी आपटली, शेठजी उठले नाहीत. दिवस बुडाला आणि त्यांना उपास घडला.

मी वर जायला निघाले तर म्हणाले, "बाई, पाह्यलं का? आपल्याइकडं मरेपर्यंत तिले त्याच वयाची ठेवली. अन् तिकडं थे म्हातारी होऊन राह्यली होती. आपल्याले कोनी सांगतलंच नाई वो." आवाज अगदी पडलेला. घरचंच कोणी दूरगावी आजारी होतं आणि कळवलं नाही, असा.

"बाईचं वय का गावोगाव सांगत फिरतेत?" काकू म्हणाल्या.

शेठजींनी ह्यावर खूप विचार केला असावा. सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपल्या टांकसाळीतला माणूस शहाणा होता, बाईची अब्रू राखली त्यानं. ते म्हातारीचं नाणं मात्र त्यांनी पेटीत नाही ठेवलं. त्याला फलालीनची एक छोटी पिशवी शिवून घेतली. म्हातारं माणूस, गारठा बाधतो म्हणून.

अशा माणसाला मुलगी असावी, आणि ती लग्नाची व्हावी! कुमुद ही त्यांची एकुलती एक. वाशिमच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आलेली, उंच, नाक बापाचं आणि जीभ आईची. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, त्यामुळे मी कामावरून आले की आमचं गूळपीठ. तिचा तो शेलूबाजारचा मामा एक स्थळ घेऊन आला. कारंज्याचं घर, त्यांच्याच समाजातलं, मुलगा शाळेत सायन्स शिकवायचा, वडील नाहीत, आई मोठी करारी, औषधाचं दुकान मोठ्या भावाकडे. सगळं पसंत पडण्यासारखं. त्यांनी फोटो मागितला.

काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांना ताप होता, नाहीतर स्वतः गेल्या असत्या. "तू जाय सोबत. अन् ह्याईनं काई उलटंपालटं केलं तं आडव त्याईले."

आडवते कसली! स्टुडिओत एक रंगवलेला ताजमहाल होता, त्याच्यापुढे कुमुदला स्टुलावर बसवली. फोटोवाला काळ्या कापडाखालून म्हणाला, "ताई, इकडं पाहा. हं, जराशा हसा."

"इकडं नाई," शेठजी म्हणाले. "तिकडं. खिडकीकडे."

फोटोवाला बाहेर आला. "शेठजी, बाजूचा फोटो पोलिसवाले काढतेत. चोराचा."

"पोलिसवाले दोन काढतेत. एक समोरून, एक बाजूनं. काहून? का त्याईले बी माईत हाये, समोरून मानूस सापडत नाई!"

मी म्हटलं, "शेठजी, समोरून पण एक घेऊन ठेवू. वरसंबंधाचा आहे."

"कायले? एका रुपयावर दोन तोंडं असतेत का?"

कुमुदला हसू आवरेना. "बाबा, टकल्यासारखी उजवीकडं पाहू का रानीसारखी डावीकडं?"

"रानीसारखी."

आणि ती तशी बसली. हनुवटी किंचित वर, वेणी मानेवरून पुढे. फोटो असा उतरला की फोटोवालाही पोलिसांचं विसरला. कानातली कुडी, सरळ नाक, आणि कुठंतरी लांब पाहणारा तो डोळा. मी आयुष्यात एवढा सुरेख फोटो पाहिला नाही. काकूंनी पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला, पण तोवर मामा तो घेऊन कारंज्याला पोचलाही होता.

कारंज्याहून काही निरोप येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. शेठजी म्हणत, पाहून राह्यले असतीन, घाई कायची? मग एका बाजाराच्या दिवशी मामा आला, ह्या वेळी मुद्दाम बाजूनं आला, आणि दुकानातच ओरडला, "भाऊजी, काय करून ठेवलं हे? सारं कारंजं म्हनून राह्यलं का पोरीले एकच डोया हाये!"

शेठजी हसले. "फोटोत एकच दिसून राह्यला, म्हनून?"

"हाव!"

"मंग बाजूनं पाह्यल्यावर दोन दिसतीन का? येडे हायेत का थे?"

"येडे नाई, शहाने हायेत! थे म्हनतेत, दुसरा धड असता तं झाकला काहून असता? पोरीचा फोटो कोनी असा काढते का? काई लपवाचं असन तवाच काढते!"

आणि खरंच, त्या काळी तसंच होतं. पायात व्यंग असेल तर बसलेला फोटो, पाठीत असेल तर शालीतला. फोटोत जे नाही ते शोधायचं, हे प्रत्येक घरच्या म्हातारीला पाठ. शेठजींना दोनशे पावलांवरून माणसाचं नाक ओळखू येई, पण ही एवढीशी गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

बोलणं शेलूबाजारला पोचलं, तिथून जीपवाल्यांनी पुढे नेलं. रिसोडकडचं आणखी एक स्थळ येणार होतं, त्यांनी 'यंदा विचार नाही' असं कळवून टाकलं. बाहेरगावच्या बाया काहीबाही निमित्तानं घरी येऊ लागल्या. कोणी पाणी मागायला, कोणी माझी खोली रिकामी होणार का विचारायला. मी जाणार होते कुठं? पण त्या विचारत, आणि मान वाकडी करून कुमुदची दुसरी बाजू शोधत. आणि ही कार्टी! कोणी बाई आली की लगेच भिंतीला धरून उभी राहायची, एकच बाजू दाखवायची. बाई सरकली की हीही सरकायची. चुलीकडे जाताना पदर ओढून घ्यायची. मी जिन्यातून पाहून हसून हसून मरायची. काकूंना मात्र हसू येत नव्हतं. "पोरगी नखरे करून राह्यली, बाप पेटी पुसून राह्यला," त्या चुलीपुढे डोळे पुसत म्हणायच्या, "ह्या घरात येडी नाई अशी म्या एकलीच हावो का?"

एका संध्याकाळी शेठजी माझ्या खोलीच्या दारात आले. जिना चढून कधीच न आलेले. टोपी हातात. सरळ माझ्याकडे पाहत होते, आणि डोळे लाल.

"बाई, म्या पोरीचं वाटोयं केलं का वो?"

  मी म्हटलं, "वाटोळं कसलं शेठजी! उद्या जाऊ, समोरून फोटो काढू, पाठवून देऊ. मिटलं."

ते हो म्हणाले. एका शब्दात. इतक्या लवकर ऐकणारे शेठजी मला बघवेनात. पण खाली कुमुदनं साफ नकार दिला.

"म्या नाई बसत. आता समोरून काढला तं मानसं काय म्हनतीन? का पयला खोटा होता. बाबानं काई खोटं केलं नाई. ज्याले दुसरा डोया पाह्याचा असन त्यानं इथं यावं. एस.टी. चालू हाये."

काकूंनी समजावलं, मामानं धमकावलं, मीही सांगून पाहिलं. ती काही बधली नाही. दुसऱ्या दिवशी शेठजींनी पेटी माळ्यावर टाकली आणि बाकडं सरळ केलं. गिऱ्हाइकं समोरासमोर बसू लागली. कोणाची मान दुखेना. शेठजी गादीवर बसून नुसतं कापड मोजत आणि काय हवं विचारत, आणि ते दुकान मला ओळखू येईना. बंजारा बाया हार पुढे करून उभ्या राहिल्या तर म्हणाले, "हाये, बरी हाये," आणि पाहिलंसुद्धा नाही. एकीनं मला हळूच विचारलं, शेठची तब्येत बरी नाही का?

एका दुपारी मी शिवणवर्गासाठी मांजरपाट घ्यायला दुकानात होते. कारंज्याकडून येणारी एस.टी. लागली आणि एक तरुण उतरून थेट आला. धुळीनं भरलेला, हातात पिशवी, शर्टाला शाईचा डाग. बाकड्यावर टेकला.

"काय दाखवू?" शेठजींनी वर न पाहता विचारलं.

"काई नोको जी. म्या कारंज्याहून आलो. तुमच्या पोरीचा फोटो आमच्याइथं हाये."

शेठजी असे उठले की मांडीवरचा तागा उलगडत रस्त्यापर्यंत गेला. "वापस द्याले आले?"

"नाई जी. फोटो नाई देत म्या." त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मी तिथं आहे म्हणून आवाज खाली आणला, तरी मला सगळं ऐकू येत होतं. "आमचं पक्कं हाये, हे सांगाले आलो. उशीर झाला, माफी करा. आईले तयार कराले वेळ लागला."

"कायले तयार कराले?"

"डोयाचं." तो अजून जवळ सरकला. "तुमी मनाले लावून घेऊ नोका. आमच्या घरी त्याच्यावरून कोनी एक शब्द बोलनार नाई. आईनं साऱ्याईले शपथ घातली हाये."

  आतला पडदा सरला आणि कुमुद बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सवयीनं ती आधी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग सावकाश वळली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

तो पाहतच राहिला. "दोन हायेत!"

"तक्रार हाये का?" कुमुद म्हणाली.

"नाई, नाई…" बिचारा कानापर्यंत लाल झाला. "पन आता आईले काय सांगू?"

मी तोंडात मांजरपाट कोंबला, नाहीतर रस्त्यावर ऐकू गेलं असतं. थोड्या वेळानं, चहा घेताना, त्यानं धीर करून तिला विचारलं की फोटोत एवढं लांब काय पाहून राह्यल्या होत्या. तेवढं विचारायचं होतं म्हणे त्याला महिनाभर. कुमुदनं सांगितलं, फोटोवाल्याच्या खिडकीत मांजर बसलं होतं.

त्याची आई पुढच्याच रविवारी आली. उंच, सावळी, पांढरं लुगडं, आणि आल्या आल्या चपला काढायच्या आधी "कुठं हाये पोरगी?" कुमुदला पुढे बसवलं. म्हातारीनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग शेठजींकडे वळली, आणि असा तोफखाना सुरू झाला की मामा दारामागे गेला.

"शेठजी, हे बरं नाई केलं तुमी! म्या महिनाभर रडली. देवापुढं रडली, पोरापुढं रडली. मंग मन घट्ट केलं. म्हनलं, एक असला म्हनून काय झालं, आपल्याच घरची पोरगी म्हनू. मोठ्या सुनेले तंबी देल्ली का तिच्या डोयावर बोलशीन तं याद राख. साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं का आमची सून आली का कोनी टक लावून पाह्याचं नाई. अन् हे पोरगी दोन डोये घेऊन बसली! माह्यं सारं रडनं वाया गेलं!"

सगळे हसले. काकूसुद्धा, पदर तोंडाला लावून, कितीतरी दिवसांनी. शेठजी हसले नाहीत. ते उठून तिच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले.

"वाया नाई गेलं, बाई. पोरीचा बाप सारं पाह्यते. घर पाह्यते, दुकान पाह्यते, पोराची नोकरी पाह्यते. पन उद्या पोरीचं काई कमीजास्त झालं तं हे मानसं तिच्याशी कशी वागतीन, हे त्याले कोनी दाखवत नाई. मरेपर्यंत त्याच्या जिवाले घोर राह्यते. मले थे लग्नाच्या आधीच दिसलं. तुमी माह्या पोरीले एका डोयानिशी घेतली होती."

  म्हातारीनं कुमुदला जवळ ओढलं, तिच्या दोन्ही डोळ्यांवरून सावकाश हात फिरवला, आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सगळीच्या सगळी वाजली.